पिवळा टेप

वैजू म्हणाला, ताई, वरचं मॉडेल घे,
छत उघडतंय त्याचं, पोरं उभी राहतील.
म्हटलं, लातूरच्या मे महिन्यात
छत उघडून काय पापड वाळवायचे?
शोरूममधला मुजीब हसला. चाकूरचा पोरगा,
गळ्यात टाय, बगलेत दरपत्रक.
त्यालाही पहिल्यांदाच दिसलं असेल
गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक
पर्समधून टेप काढतंय,
शिवणकामाचा, पिवळा, साठ इंची,
सुरुवातीचे दोन इंच झिजून पुसलेले.

डिकी उघड म्हटलं.
रुंदी एकेचाळीस. खोली सव्वीस,
सीट पाडली तर बावन्न.
म्हणजे सासूबाईंचा वॉकर आडवा जाईल,
पाण्याचे दोन जार उभे राहतील,
आणि जूनमध्ये मुरूडच्या शाळेचे
गणवेशाचे गठ्ठे, इस्त्री न मोडता.
मग पायरी मोजली, जमिनीपासून.
गुडघ्याची वाटी बदललेलं माणूस
एका दमात चढलं पाहिजे.

हे काचेपाशी उभे.
मेव्हण्याच्या पैशाला हात लावायचा नाही
म्हणून गाडीलाही लावला नाही त्यांनी.
रंग विचारला तर म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.
पण मुजीबनं बॉनेट उघडलं तेव्हा
मान आपोआप आत गेली.

वैजू फोनवर कुणाला तरी, मोठ्यानं,
"बहिणीला गाडी घेऊन देलालाव."
खरंच आहे ते. देतोय.

नांदेड रोडची जमीन तेव्हा नुसती मुरमाड होती,
बाभळी आणि एक आटलेली बारव.
रजिस्ट्री हाफिसाच्या आवारात, लिंबाखाली,
कागदावर बोट ठेवून कुणीतरी म्हणालं, इथं सही कर.
केली. अक्षर चांगलं आहे माझं.
संध्याकाळी आईनं ओटी भरली,
डाळिंबी इरकल, अजून आहे,
त्यावरचा ब्लाऊज मीच शिवला.
नंतर बावीस वर्षं लोकांची छाती-कंबर मोजली,
माझा वाटा तेवढा मोजायचा राहिला.
आता तिथं प्लॉट पडलेत,
कमान आहे, कमानीवर बाबांचं नाव.
गुंठ्याचा भाव वैजू माझ्यासमोर बोलत नाही.

वैजूला मी वाईट म्हणत नाही.
लेकीचं अपेंडिक्स फुटलं त्या रात्री
तोच आला होता बनियनवर,
आणि सकाळपर्यंत दवाखान्याच्या जिन्यात बसून होता,
पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"कशाला लाजलालीस ताई, वरचंच घे,
दीड लाखानं काय होतंय!"
मी मधलं घेतलं.
छत बंद. मागं एसीची वेगळी जाळी.
रंग पांढरा, आमच्याकडची धूळ त्यावर कमी दिसते.
वैजूचा चेहरा जरासा उतरला.
ते दीड लाख त्याला
कुठंतरी द्यायचेच होते.

फॉर्म आला. मुजीबनं विचारलं, गाडी कुणाच्या नावावर?
वैजूनं यांच्याकडं पाहिलं, यांनी वैजूकडं.
लिही म्हटलं, शिवकांता मन्मथ हलगे.
पेन क्षणभर थांबलं, मग चाललं.
इथं सही करा मॅडम.
थांब, आधी वाचते.
चारही पानं वाचली,
पाठीमागची बारीक अक्षरंसुद्धा,
पदरानं चष्मा पुसून पुसून.
तिघांचाही चहा गार झाला.
वैजूनं दोनदा घड्याळ पाहिलं,
तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग विचारलं,
स्टेपनी पूर्ण मापाची आहे,
का नुसती नावाला?

मुजीब आत विचारायला गेला.